क्षमा कर, असं त्या आईला सांगू नये

अमेरिकेत कुठे गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्याकडच्या कितीतरी घरांतून लगेच फोन जातात. मुलगा, सून, नातवंडं तिकडे असतात. ‘आम्ही ठीक आहोत’ एवढं ऐकलं की आपला जीव भांड्यात पडतो. जिचं मूल त्यात गेलं, त्या आईचं पुढे काय होतं, हे मात्र आपल्यापर्यंत फारसं पोचत नाही.

ल्युसी मॅकबाथ या हवाई सेविका होत्या. जॉर्डन हा त्यांचा एकुलता एक मुलगा, सतरा वर्षांचा. २३ नोव्हेंबर २०१२ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात तो मित्रांबरोबर पेट्रोल पंपावर गाडीत बसला होता. गाणी मोठ्याने लावली म्हणून शेजारच्या गाडीतल्या माणसाशी बाचाबाची झाली आणि त्याने पिस्तुलातून दहा गोळ्या झाडल्या. मुलांकडे बंदूक दिसली, असं तो म्हणाला. पोलिसांना त्यांच्याकडे बंदूक सापडली नाही. पहिल्या खटल्यात खुनाच्या आरोपावर ज्युरीचं एकमत झालं नाही. दुसरा खटला चालला, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

शिक्षेच्या दिवशी या आईने भर कोर्टात त्याला क्षमा केली.

मैत्रिणींनो, दर भाद्रपदात आपण क्षमा मागतो आणि करतो. पण आपल्या क्षमेत बहुतेक जावा-नणंदांचे रुसवे असतात. पोटचं मूल मारणाऱ्याला क्षमा करणं मला जमेल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. म्हणूनच अशा घरी भेटायला जाऊन ‘पूर्वकर्म होतं गं’, ‘माफ कर, तुलाच शांती मिळेल’ असं बोलणाऱ्यांचा मला राग येतो. कर्मसिद्धांतावर माझी श्रद्धा आहे. तो मी माझं वागणं तपासायला वापरावा. रडणाऱ्या बाईला तिच्याच दारात ऐकवायला तो नाही.

क्षमेला किती वेळ लागावा, हे बाहेरच्यांनी ठरवू नये. मिनियापोलिसच्या मेरी जॉन्सन यांचा मुलगा १९९३ मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाच्या गोळीने गेला. त्याला तुरुंगात जाऊन भेटायला त्यांना बारा वर्षं लागली. पुढे तो सुटला आणि चक्क त्यांच्या शेजारी राहायला आला. मेरीबाईंनी आयांसाठी एक संस्थाही काढली. ज्यांची मुलं मारली गेली आणि ज्यांच्या मुलांनी मारलं, अशा दोन्हीकडच्या आया तिथे येतात. पण ती बारा वर्षं त्यांची स्वतःची होती.

दुसरी गोष्ट, क्षमा केली म्हणजे प्रकरण मिटलं, असंही नाही. मी कॉमर्सची, म्हणून मला हे हिशेबाच्या भाषेत समजतं. बुडीत येणं आपण निर्लेखित करतो, म्हणजे त्या माणसाच्या मागे लागणं सोडतो. वहीतली नोंद मात्र खोडत नाही, आणि पुढची उधारी देताना नियम कडक करतो.

ल्युसीबाईंनी नेमकं हेच केलं. त्या माणसाचा द्वेष सोडला, बंदुकीचा प्रश्न सोडला नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्याच पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेले. त्यानंतर त्या जॉर्जियातून निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि जिंकून अमेरिकन संसदेत गेल्या. एकवीस वर्षांखालच्या बंदूक खरेदीदारांची जास्त कसून तपासणी करणारा कायदा जून २०२२ मध्ये झाला, तेव्हा त्या सभागृहात होत्या.

आपल्या श्रावकव्रतांत अनर्थदंडविरती आहे. त्यात ‘हिंसादान’ वर्ज्य सांगितलं आहे, म्हणजे हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. गोळी झाडणारा दोषी आहेच, पण रागीट माणसाच्या हाताशी पिस्तूल सहज येऊ देणारी व्यवस्थाही त्या पापात वाटेकरी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आई त्याविरुद्ध बोलली तर ‘अजून विसरली नाही’ म्हणून तिची कीव करू नये.

अशा आईकडे जाताना उपदेश घरी ठेवावा. डबा न्यावा, कोर्टाच्या तारखेला सोबत जावं. मुलाचा विषय टाळू नये, त्याचं नाव घेऊन बोलावं. त्याचा वाढदिवस लक्षात ठेवावा, कारण वर्षभराने तो लक्षात ठेवणारं तिच्याशिवाय फारसं कुणी उरलेलं नसतं.