मोबाईल गेममधलं ‘स्किल’ नेमकं कोणाचं? खेळणाऱ्याचं की विकत घेतलेल्या पात्राचं?

फ्री फायर खेळणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये हरल्यावर एक कारण हमखास ऐकू येतं, समोरच्याकडे भारी कॅरेक्टर होतं. क्रिकेटमध्ये असं सहसा कोणी म्हणत नाही. बॅट कितीही महागडी असली तरी ती आपणहून चौकार मारत नाही. मोबाईलवरच्या लढाईच्या गेममध्ये मात्र पात्राच्या अंगात खरोखरच शक्ती असते. कोणी जखम भरून काढतं, कोणी गोळ्या अडवतं, कोणी लपलेला शत्रू दाखवतं. या शक्तीलाच गेमच्या भाषेत ‘स्किल’ म्हणतात.

कायद्याच्या भाषेतही ‘स्किल’ हाच शब्द महत्त्वाचा आहे, पण तिथे त्याचा अर्थ खेळणाऱ्याचं कसब असा होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता मिळण्याचा रस्ता तयार केला. २०२६ च्या जपानमधल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या यादीत तर मोबाईलवरचे गेमही आहेत. त्यामुळे सामना नेमका कोणत्या स्किलवर जिंकला, हा प्रश्न आता पोरांच्या भांडणापुरता राहिलेला नाही.

मुळात पात्रांना अशी शक्ती का द्यावी लागते? आणि ती देताना गडबड कुठे होते?

दोन अंगठ्यांचा हिशेब

कॉम्प्युटरवर खेळणाऱ्याकडे कीबोर्डची डझनभर बटणं आणि माऊस असतो. बटण कुठे आहे हे बोटाला न बघता कळतं. फोनची काच मात्र सपाट असते. बोट बटणावर आहे की शेजारी, हे हाताला कळत नाही. शिवाय ज्या काचेवर खेळ दिसतो, तीच काच अंगठ्यांनी झाकली जाते.

बहुतेक जण दोन अंगठ्यांनी खेळतात. डावा अंगठा पात्राला चालवतो. उजव्याकडे बाकी सगळं येतं. नेम धरणं, गोळी झाडणं, उडी मारणं, खाली बसणं, बंदूक भरणं, औषध घेणं. काही जण बोटं पंज्यासारखी वाकवून चार बोटांनी खेळतात, पण ती सवय करायला वेळ लागतो.

इथे गेम बनवणाऱ्यांची अडचण होते. बटणं वाढवली तर हात गोंधळतो आणि स्क्रीन झाकते. बटणं कमी ठेवली तर सगळे सामने सारखेच वाटू लागतात. यातून निघालेली वाट म्हणजे पात्रांच्या शक्ती. प्रत्येक पात्राची ताकद वेगळी ठेवली की बटणं तेवढीच राहतात आणि डाव बदलतो.

कमी बटणांत जास्त खेळ कसा बसवतात?

या शक्तींचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिला ‘पॅसिव्ह’. यात काही दाबावं लागत नाही, शक्ती आपोआप काम करते. दुसरा ‘ॲक्टिव्ह’. यात बटण दाबलं की शक्ती सुरू होते आणि नंतर ठरावीक सेकंद पुन्हा वापरता येत नाही. या थांबण्याच्या वेळेला ‘कूलडाऊन’ म्हणतात.

योग्य मेळ सापडायला कंपन्यांना बरीच वर्षं लागली. २०१४ मध्ये आलेल्या व्हेनग्लोरी या गेममध्ये खेळाडू बोट जिथे टेकवेल तिथे पात्र चालत जायचं. कॉम्प्युटरवरच्या लीग ऑफ लेजंड्समध्ये पात्राला चार मुख्य शक्ती असतात, इथे तीनच ठेवल्या होत्या. त्या गेमचं कौतुक झालं, पण बोट सतत मैदानावर फिरत असल्याने मैदानच झाकलं जायचं. २०१५ मध्ये चीनमध्ये आलेल्या ऑनर ऑफ किंग्जने डावीकडे चालण्याची गोल जॉयस्टिक आणि उजव्या कोपऱ्यात शक्तींची अर्धगोल बटणं ही मांडणी वापरली. पुढे व्हेनग्लोरीलाही जॉयस्टिकचा पर्याय द्यावा लागला.

याच मांडणीत आणखी एक युक्ती आहे. शक्तीच्या बटणावर नुसतं टिचकी मारलं तर गेम जवळच्या शत्रूवर स्वतःच नेम धरतो. बटण दाबून अंगठा ओढला तर जमिनीवर रेघ किंवा वर्तुळ दिसतं आणि खेळाडू स्वतः दिशा ठरवतो. चूक झाली तर अंगठा ‘रद्द’च्या खुणेवर नेऊन सोडायचा. एकाच बटणात नवख्याची सोयही झाली आणि मुरलेल्याच्या कसबाला जागाही राहिली.

लीग ऑफ लेजंड्सची मोबाईल आवृत्ती वाइल्ड रिफ्ट २०२० मध्ये आली, तेव्हा रायट कंपनीने तर नकाशाच फिरवला. उजवा अंगठा स्क्रीनचा खालचा उजवा कोपरा झाकतो. शत्रू त्या बाजूने आला तर दिसणारच नाही. म्हणून दोन्ही संघांना आपला तळ खाली डावीकडेच दिसतो आणि शत्रू नेहमी वर उजवीकडे. ॲश या पात्राचा दूरवर जाणारा बाण सोडल्यानंतरही वळवता येईल असा केला, कारण फोनवर नकाशाचं दुसरं टोक सरकवून बघणं आणि तिथे नेम धरणं अवघड असतं.

म्हणजे फोनवरची चांगली शक्ती अंगठ्याचं ओझं हलकं करते, पण निर्णय खेळाडूच्याच हातात ठेवते. कधी वापरायची, कुठे वापरायची आणि कधी राखून ठेवायची, हे त्यालाच ठरवावं लागतं.

फ्री फायरने काय वेगळं केलं?

सिंगापूरच्या सी समूहाच्या गरेना कंपनीने २०१७ मध्ये फ्री फायर आणला. ५० खेळाडू, साधारण १० मिनिटांचा सामना आणि स्वस्त फोनवरही चालेल असा गेम. पबजीच्या सामन्यात १०० खेळाडू असायचे आणि तो अर्ध्या तासापर्यंत चालायचा. कमी रॅमचा फोन आणि मोजका डेटा असलेल्या पोरांसाठी फ्री फायर सोयीचा होता. गावागावांत तो पोहोचला त्याचं मोठं कारण हेच.

पबजीपेक्षा त्याचा दुसरा वेगळेपणा म्हणजे पात्रांच्या शक्ती. इथे प्रत्येक पात्राची एक शक्ती असते, आणि आपल्याकडच्या इतर पात्रांच्या शक्ती उसन्या घेऊन जोडताही येतात. रूढ झालेली मांडणी अशी की एक ॲक्टिव्ह आणि तीन पॅसिव्ह. कोणाशी कोणाचा मेळ जमतो, यावर यूट्यूबवर व्हिडिओंचा ढीग पडला.

डिझाइन म्हणून यातल्या काही शक्ती हुशारीने केलेल्या आहेत. २०२० मध्ये हृतिक रोशनवर बेतलेलं ‘जय’ हे पात्र आलं. शत्रूला पाडलं की त्याची बंदूक काही प्रमाणात आपोआप भरली जाते. म्हणजे ऐन लढाईत अंगठ्याची एक हालचाल वाचते. ‘मोको’ने गोळी मारलेला शत्रू काही क्षण तिच्या साथीदारांना दिसत राहतो. छोट्या स्क्रीनवर शत्रू शोधताना होणारी दमछाक त्याने कमी होते.

अडचण आली ती किमतीत. ब्राझीलचा प्रसिद्ध डीजे आलोक याच्या नावाचं पात्र २०१९ मध्ये आलं. बटण दाबलं की त्याच्याभोवती वर्तुळ तयार होतं, त्यातले साथीदार वेगाने पळतात आणि त्यांची जखमही भरत जाते. पळणं आणि औषध घेणं ही दोन कामं एका बटणात झाली. हे पात्र ५९९ डायमंडना विकलं जायचं, आणि डायमंड खऱ्या पैशांनी मिळतात. शिवाय पात्राची पातळी वाढवली की शक्तीही वाढायची. सारख्याच कसबाचे दोघे समोरासमोर आले, तर आलोकवाल्याचं पारडं जड असायचं.

क्रोनोचं उदाहरण

डिसेंबर २०२० मध्ये फुटबॉलपटू क्रिस्तियानो रोनाल्डोवर बेतलेला ‘क्रोनो’ आला. त्याच्याभोवती एक ढाल उभी राहायची, ती ६०० एवढी इजा अडवायची, आणि सुरुवातीला आत उभं राहून बाहेर गोळ्याही झाडता यायच्या. गेममध्ये खेळाडूचं आयुष्य साधारण २०० असतं, हे लक्षात घेतलं की ६०० चा अर्थ कळतो. थोडक्यात, एका बटणात तीन आयुष्यं.

सामन्यांमध्ये जिकडे तिकडे क्रोनो दिसू लागला. मग कंपनीने अपडेटमागून अपडेट काढून त्याची ताकद कमी केली. ढालीच्या आतून बाहेर मारा करणं बंद झालं, ढाल टिकण्याची वेळ आणि कूलडाऊनही बदलले. गेमच्या भाषेत याला ‘नर्फ’ म्हणतात.

नर्फ केला की खेळ सुधारतो, पण ज्याने पैसे देऊन ती शक्ती घेतली त्याला फसल्यासारखं वाटतं. न केला तर बाकीचे वैतागतात. कपडे किंवा बंदुकीचा रंग विकला असता तर हा पेच आलाच नसता, कारण रंग बदलल्याने कोणी जिंकत नाही. शक्ती विकायला काढली की तोल सांभाळणं आणि विक्री सांभाळणं ही एकाच माणसाची दोन परस्परविरोधी कामं होतात. पुढे गरेनाने ‘लिंक’ नावाची सोय आणली, ज्यात खेळत राहून पात्रं मिळवता येतात. विक्रीची अट सैल करता येते, हे त्यातून दिसलं.

दुसरा रस्ता

बीजीएमआयच्या नेहमीच्या क्लासिक सामन्यात पात्र कोणतंही असो, ताकद सारखीच असते. पैसे जातात ते कपडे आणि बंदुकीच्या स्किनवर. एखाद्या खास मोडमध्ये वेगळी शक्ती आली तरी ती बहुतेकदा मैदानावर ठेवलेली असते. जो आधी पोहोचेल, त्याची.

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा इंडस हा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात शेवटपर्यंत जिवंत राहण्याखेरीज ‘कॉस्मियम’ ताब्यात घेऊनही सामना जिंकता येतो. इथेही नवेपणा मैदानाच्या नियमात ठेवलाय, त्यामुळे ती संधी सगळ्यांना सारखीच मिळते.

मात्र पात्रांना शक्ती दिली की गेम बिघडतोच, असंही नाही. शक्तींमुळेच संघात भूमिका तयार होतात. एक जण पुढे घुसणारा, एक जण जखमा भरणारा, एक जण टेहळणी करणारा. नेम कच्चा असलेल्या खेळाडूलाही संघात जागा मिळते. प्रश्न ती शक्ती कशी मिळते आणि तिला उत्तर देता येतं की नाही, एवढाच आहे.

भारतात याला नेटवर्कचाही पदर आहे. अर्ध्या सेकंदात प्रतिसाद द्यावा लागणारी शक्ती चांगल्या वायफायवाल्याला फायद्याची ठरते. म्हणूनच समोरचा शक्ती वापरणार हे आवाजाने, रंगाने आणि थोडं आधी कळणं मोबाईलवर जास्त गरजेचं असतं.

कायदा काय म्हणतो?

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन गेम त्याने बंद केले, मग ते कसबाचे असोत की नशिबाचे. ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेम मात्र वेगळे ठेवले.

कायद्यातल्या ई-स्पोर्ट्सच्या व्याख्येनुसार निकाल हा केवळ खेळाडूची शारीरिक चपळाई, बुद्धीची तल्लखता, डावपेच अशा गुणांवर ठरायला हवा. स्पर्धेची प्रवेश फी चालते. पण खेळाच्या आत विकत मिळणाऱ्या शक्तीचं काय, यावर या व्याख्येत वेगळा शब्द नाही. ‘केवळ’ हा शब्द काटेकोरपणे घेतला, तर विकत घेतलेल्या शक्तीने झुकणारा सामना या व्याख्येत अवघडून बसतो.

यावर उपाय आहेत. स्पर्धेत सगळ्यांना सगळी पात्रं सारख्या पातळीवर खुली करता येतात, किंवा एखादी शक्ती बंद ठेवता येते. स्पर्धेसाठी गेम बदलल्याचा दाखलाही आहे. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत पबजी मोबाईलची खास आवृत्ती वापरली गेली, जिच्यात माणसांऐवजी लक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या होत्या.

पैसे भरण्याआधी काय बघावं?

घरातला मुलगा किंवा मुलगी डायमंड मागत असेल, तर चार गोष्टी विचारता येतात.

- विकत मिळणारी गोष्ट फक्त दिसण्याची आहे, की तिने वेग, जखम किंवा गोळीचा मारा बदलतो?
- तीच गोष्ट खेळून मिळते का? मिळत असेल तर साधारण किती दिवसांत?
- पैसे देऊन ती नक्की मिळते, की चक्र फिरवून नशिबावर सोडलेली आहे?
- ती शक्ती समोरच्याला चुकवता येते का, की तिच्यापुढे काहीच उपाय चालत नाही?

भारतात फ्री फायरवर १४ फेब्रुवारी २०२२ रोजी बंदी आली, पण फ्री फायर मॅक्स खेळला जातोच आहे. बंदी आली ती सुरक्षेचं आणि डेटाचं कारण देऊन. पात्रांची शक्ती आणि तिची किंमत हा विषय त्यात नव्हता. ई-स्पोर्ट्सला खेळाचा दर्जा मिळत असताना तो आता क्रीडा खात्याच्या, आयोजकांच्या आणि पालकांच्याही टेबलावर यायला हवा.