लाईन आहे, पण कधी?

दिवाळीनंतर चार दिवस मामाकडे होतो. अकोटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी गाव. रात्री एक वाजता मामा बॅटरी आणि काठी घेऊन निघाले, हरभऱ्याला पाणी द्यायला. वावरातल्या पंपाला लाईन पाळीने मिळते, एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री. मी म्हटलं, मामा, देशात आता सगळीकडे वीज पोचली म्हणे. तर म्हणतात, "कागदावर त आहेच ना राजा. साप का कागद वाचते?"

पुण्याला परतताना गाडीतून पारसची चिमणी दिसली. तिथे अडीचशे मेगावॅटचे दोन संच, तिकडे अमरावतीजवळ नांदगाव पेठेला आणखी १३५० मेगावॅट. वीज आमच्या दारात तयार होते हो!

आता जग काय मोजतं ते बघा. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टं ठरवली, त्यातलं सातवं ऊर्जेचं. २०३० पर्यंत सगळ्यांना परवडणारी, भरवशाची, आधुनिक ऊर्जा. वाक्य झकास. पण त्याखाली निर्देशक दोनच: किती लोकांकडे वीज आहे, आणि किती लोक मुख्यतः स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करतात. 'परवडणारी' आणि 'भरवशाची' गेले कुठे? रिक्वायरमेंटमध्ये तीन शब्द, टेस्ट एकाचीच, आणि रिपोर्टवर 'पास'. माझ्या टीममध्ये असं कोणी केलं तर लीड त्याला उभा जाळेल.

भारत या पहिल्या निर्देशकात ९९ टक्क्यांच्या वर आहे. आपली सवय तर आणखी जुनी. २००४ पासूनच्या व्याख्येत गावातल्या १० टक्के घरांत वीज असली (आणि शाळा-पंचायतीत वगैरे) की गाव 'विद्युतीकृत'. याच हिशोबाने २८ एप्रिल २०१८ ला देशातली सगळी गावं संपली!

त्या मानाने स्वयंपाकाचा निर्देशक शहाणा. तो सिलेंडर आहे का हे विचारत नाही, 'मुख्यतः' कशावर शिजवता हे विचारतो. मामीकडे सिलेंडर आहे, पण तो चहापुरता. भाकरी पऱ्हाट्यांवरच. मग हाच प्रश्न विजेला का नाही?

सर्व्हरसाठी आम्ही ९९.९ टक्के अपटाईमची हमी देतो, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त पावणेनऊ तास बंद. मामाच्या पंपाला दिवसाला आठ तास चालू, तेही सगळं सुरळीत असेल तर. घरातली लाईन २००६-०७ च्या भारनियमनापेक्षा पुष्कळ बरी आहे, हे कबूल. पण माणूस घरात जेवतो, कमावतो वावरात.

मोजणं कठीण आहे, हे सांगू नका. जागतिक बँकेने २०१५ मध्येच विजेच्या पायऱ्या मांडल्या: तास किती, संध्याकाळी किती, किती वेळा जाते, बिल झेपतं का. सगळ्यात वरच्या पायरीला दिवसाचे निदान २३ तास लागतात. घरोघरी पाहणी महाग पडते म्हणे. अहो, फीडरला मीटर असतो! लाईन कधी गेली, कधी आली, याची नोंद तिथेच मिळते. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगवेगळा धरून गाववार तास दर महिन्याला जाहीर करा, दिवसाचे निराळे आणि रात्रीचे निराळे. सुरुवात अकोट तालुक्यापासून करा, मामाला फोनवर मी वाचून दाखवीन.