उंटाची खरूज आणि आपले घर

आपल्या बेटावर उंटांचे कळप नाहीत. तरीही आज उंटाच्या खरजेविषयी चार शब्द लिहीत आहे, कारण गाय-बकरी पाळणाऱ्यांनी आणि मुलांना शाळेत पाठवणाऱ्या पालकांनी त्यातून धडा घ्यावा असे मला वाटते.

संयुक्त अरब अमिरातीत उंट म्हणजे दूध, शर्यत आणि घराण्याची प्रतिष्ठा. अबू धाबीतील अल वथबा आणि दुबईतील अल मर्मूम येथे थंडीच्या दिवसांत मोठ्या शर्यती भरतात. ठिकठिकाणचे उंट एकत्र येतात, आणि खरूजही थंडीतच जोर धरते.

हा रोग सार्कोप्टिस नावाच्या किड्यामुळे होतो. किडा गोचिडाच्याच जातकुळीचा, आठ पायांचा, पण अर्ध्या मिलिमीटरहून लहान. मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते. मात्र उंट खांबाला अंग घासून रक्तबंबाळ होतो, तो केवळ या बोगद्यांमुळे नव्हे. किड्याची लाळ, विष्ठा व अंडी परकी आहेत हे शरीर ओळखते आणि त्यांच्यावर तुटून पडते. त्यातून खाज सुटते, कातडी सुजते, केस झडतात. ही अ‍ॅलर्जीच होय.

ही ओळख पटण्यास वेळ लागतो. माणसाला पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. पुन्हा लागण झाली तर एक-दोन दिवसांतच सुटते. जनावरांतही पहिल्या वेळी असाच उशीर होतो. म्हणजे धडधाकट दिसणारे नवे जनावर कळपात किडे वाटत फिरू शकते. अशक्त जनावराची तऱ्हा निराळी. त्याचे शरीर किड्यांना आवरू शकत नाही, आणि जाड खपल्यांखाली ते बेसुमार वाढतात.

पूर्वी अरब लोक अशा उंटाला डांबर फासून वेगळा बांधीत. १९८१ पासून जनावरांसाठी आयव्हरमेक्टिन मिळू लागले. त्याच्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण या औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून काही दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. मेलेले किडेही कातडीत असतात तोवर खाज राहते. तेव्हा खाजेवरून रोग मोजू नये.

तेथे उंट सांभाळणारे पुष्कळसे परदेशी मजूर. त्यांच्या मनगटांवर, मांड्यांवर पुरळ उठते. त्यांना घाणेरडे म्हणणे अन्याय आहे. उंटाचा किडा माणसाच्या अंगावर सहसा टिकत नाही. उंट बरा झाला आणि नवी लागण थांबली की पुरळही जाते.

आता आपल्याकडे पाहू. माणसाच्या खरजेचा किडा वेगळ्या प्रकारचा, पण रीत तीच. वर्गात एखादे मूल खाजवू लागले की आपण त्याला दूर बसवतो, घरी धाडतो. आई लाजेने कोणाला सांगत नाही. एकट्या मुलाला मलम लावले जाते आणि न खाजवणाऱ्या भावंडांकडून त्याला पुन्हा लागण होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने सर्व घराने एकाच दिवशी औषध घ्यावे, कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवावे. गोठ्यात नवे जनावर आणले तर काही आठवडे वेगळे बांधावे आणि पशुवैद्याला दाखवावे.

खरूज ही लाज नव्हे, रोग आहे. लपवली तर ती घरभर पसरते.