वनौषधी आणि ग्रामसभा

चरकाचार्यांनी कल्पस्थानात द्रव्यसंग्रहाचा देश व काळ सांगितला. आम्ही वैद्य मात्र हिरडा घेताना केवळ भाव विचारतो. फांद्या छाटून उतरविलेले आवळे बाजारात येतात ते आमच्याच घासाघिशीमुळे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. २०११ पासून बांबूची विक्री ग्रामसभाच करू लागली. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. (आमच्या सभांना हे कधी साधले नाही!) फळ कोठून, केव्हा तोडले हे अशा ग्रामसभेला विचारता येते. तेव्हा वैद्य व औषधालय-चालकांनी एकत्र येऊन हिरडा, बेहडा, आवळ्याची मागणी हंगामापूर्वीच ग्रामसभांकडे नोंदवावी आणि दर चार पैसे अधिक द्यावा, असे आम्हांस वाटते.