कोर्ट उठेपर्यंत

आमच्या सोसायटीत आणि नात्यात कुणाचाही फॉर्म भरायचा असला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. मागे गॅसच्या केवायसीवर लिहिलं तेव्हा एका वाचकानं ‘आता पुरे’ असं पोस्टकार्ड पाठवलं होतं. त्यांनी हा लेख सोडून शब्दकोड्याकडे वळावं. या आठवड्यात मावशीचा फॉर्म आला, ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा.

मावशी सत्तरी ओलांडलेली, लेक लीड्सला. पेन्शन, एफडी, फ्लॅटचे कागद असं सगळं सुरळीत भरून झालं. मग तो प्रश्न आला : आजवर कोणत्याही देशात, कोणत्याही गुन्ह्याबद्दल तुम्हाला शिक्षा झाली आहे का?

“झालीये की,” मावशी म्हणाली. अभिमानानं म्हणाली.

सत्तरच्या दशकातली महागाई. तेल नाही, रॉकेल नाही, रेशनवर मिलो. जमावबंदी मोडून बायकांनी लाटणी घेऊन मोर्चा काढला, त्यात ही होती. मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्यावर सगळ्याजणींनी गुन्हा कबूल केला. शिक्षा काय, तर थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत त्याच खोलीत बाकावर बसून राहायचं. “शेंगा खाल्ल्या आम्ही. टरफलं पदरात बांधून घरी आणली, कोर्टात सांडली नाहीत,” मावशी सांगते. आता ‘टरफलं’ म्हटल्यावर पुण्यात कुणाची आठवण होते ते सांगायला नको. तिकडे येतोच.

पुढचा प्रश्न : पूर्वी कोणत्या देशानं व्हिसा नाकारला आहे का? इथेही ‘हो’. लेक आधी दुसऱ्या एका देशात होती, तेव्हा तिच्या बाळंतपणाला जायला हिनं अर्ज केला होता. काचेपलीकडच्या तरुणानं दोन प्रश्न विचारले आणि पासपोर्ट परत सरकवला. बाळंतपण कुणी केलं, ही कथा वेगळी आहे आणि ती मावशीसमोर काढायची नसते.

आमच्या शेजारच्या एजंटानं दोन्ही उत्तरं ऐकून कपाळाला हात लावला. “काकू, दोन्हीकडे ‘नाही’ लिहा. कॉम्प्युटर यायच्या आधीचं प्रकरण, कुणाला कळतंय?”

नियम काय सांगतो ते एकदाच सांगतो. ब्रिटनच्या डिसेंबर 2020 पासूनच्या नियमांनुसार बारा महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झालेल्याला पर्यटक म्हणून व्हिसा मिळत नाही, मग ती शिक्षा कितीही जुनी असो. त्याहून कमी शिक्षा असेल तर ती संपून वर्ष उलटलेलं असावं लागतं. लपवाछपवी उघडी पडली तर मात्र दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं. आपल्या येरवड्यात शिक्षा पुरी करून 25 फेब्रुवारी 2016 रोजी बाहेर पडलेल्या संजय दत्तचा ब्रिटिश व्हिसा 2024 मध्ये हुकला आणि ‘सन ऑफ सरदार 2’मधली त्याची भूमिका रवी किशनकडे गेली. थोडक्यात, मावशीचा गुन्हा तिला रोखणार नाही. तो लपवणं रोखेल.

एजंटाला हे पटलं नाही. “एकदा शिक्षा झालेल्या माणसाला कोण जाऊ देतो इंग्लंडला?” असं तो म्हणाला. टिळकांच्या गायकवाड वाड्यापासून हाकेच्या अंतरावर बसून म्हणाला, म्हणून मला राहवलं नाही. मी मावशीचा फॉर्म बाजूला ठेवला आणि मनातल्या मनात लोकमान्यांचा भरायला घेतला.

शिक्षा झाली आहे का? हो. 1882, कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात अब्रुनुकसानी, आगरकरांबरोबर चार महिने, डोंगरीचा तुरुंग. 1897, राजद्रोह, अठरा महिने सक्तमजुरी. 1908, पुन्हा राजद्रोह, सहा वर्षं, मंडाले. शिवाय 1903 मध्ये ताईमहाराज प्रकरणात खोट्या साक्षीबद्दल शिक्षा, जी 1904 मध्ये हायकोर्टानं रद्द केली. ही कुठे लिहायची? फॉर्मला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच कळतं. खाली ‘अधिक माहिती’चा चौकोन असतो, त्यात ताईमहाराज प्रकरण बसवून दाखवणाऱ्याला मी भेळ देईन.

पूर्वी नकार मिळाला आहे का? हो. 1918 च्या वसंतात होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन टिळक विलायतेला निघाले. बरोबर दादासाहेब खापर्डे, न. चिं. केळकर, बिपिनचंद्र पाल अशी मंडळी. हातात रीतसर पासपोर्ट होते. कोलंबोला पोचल्यावर कळलं, की लंडनहून हुकूम आला आहे, पासपोर्ट रद्द. महायुद्ध चालू होतं, कारण विचारायची सोय नव्हती. सगळे कोलंबोहून परत.

आणि तरीही त्याच सालच्या सप्टेंबरात टिळक मुंबईहून बोटीत बसले आणि ऑक्टोबरअखेर लंडनला उतरले. कसे? व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकारानं 1910 च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात त्यांच्यावर चिखलफेक केली होती, आणि टिळकांनी त्याच्यावर इंग्लंडच्याच कोर्टात दावा लावला होता. स्वराज्य मागायला येऊ नका, पण फिर्यादी म्हणून या; राजकीय चळवळ करायची नाही, ही अट. युद्ध संपल्यावर ती अट सैल झाली. साम्राज्याला आपल्या न्यायबुद्धीची भारी हौस होती. दावा चालवायला येऊ न देणं हे त्यांच्या शिस्तीत बसेना.

न्याय कसला मिळाला ते सर्वांना माहीत आहे. चिरोलचे वकील एडवर्ड कार्सन यांनी जुन्या शिक्षाच उगाळल्या. असल्या माणसाला कसली आली अब्रू, हा त्यांचा एकूण सूर. 21 फेब्रुवारी 1919 रोजी निकाल विरुद्ध गेला आणि खर्चाचा डोंगर अंगावर आला. भोगून संपलेली शिक्षा माणसाला पुन्हा पुन्हा भोगायला लावतात, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. आणि आजचा बारा महिन्यांचा नियम तेव्हा असता, तर टिळक बोटीवरही चढले नसते.

पण इंग्रजांनाच का बोला? लोकांची पूर्ववृत्तं तपासायची हौस पुण्यालाही कमी नव्हती. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची यादीच ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. त्यात रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. कप हातात धरला होता की तोंडाला लावला होता, यावर सदाशिव-नारायणात जी उलटतपासणी चालली असेल, तिच्यापुढे कोणतीही वकिलात पोरखेळ. त्या काळी पुण्यानं व्हिसा द्यायचं ठरवलं असतं, तर एकही माणूस शहरात शिरू शकला नसता.

टिळकांनी यातलं काही लपवल्याचं माझ्या वाचनात नाही. शिक्षा त्यांनी ताठ मानेनं सांगितल्या, कार्सनपुढेसुद्धा. त्यामुळे मावशीच्या फॉर्मात दोन्हीकडे ‘हो’ गेलं. खाली तीन वाक्यांत मोर्चा, दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. शेंगा मी गाळल्या, त्यावरून ती अजून नाराज आहे.

अडचण निराळीच निघाली. निकालाची नक्कल नाही, दंडाची पावती नाही. फौजदारी कोर्टातली जुनी कागदपत्रं मुदत संपली की नष्ट होतात. तेव्हा, आणीबाणीत, गिरणी संपात, नामांतरात किंवा आणखी कशात ज्यांनी शिक्षा भोगली आहे आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांना एवढंच सांगणं : नकलेचा अर्ज आजच करा. रेकॉर्ड उरलं नसेल, तर ते उरलं नाही असं कोर्टाकडून लेखी घ्या आणि पासपोर्टशेजारी ठेवा. आणि ‘नाही’ लिहा म्हणणाऱ्या एजंटाला फी देऊ नका.