घरची भाषा आणि शाळेची भाषा

पालकसभेत एक प्रश्न दरवर्षी हटकून आमच्यापुढे येतो. मुलाचे मराठी कच्चे आहे, निबंधात चुका होतात, तेव्हा घरी कोकणी बोलणे बंद करावे काय? विचारणाऱ्या माउलीच्या मनात लेकराच्या हिताखेरीज दुसरे काही नसते, हे आम्ही जाणतो. तरीही आमचे उत्तर 'नाही' असेच आहे. ते देण्याचा थोडा अधिकारही आम्हांस आहे. कारण आमची मातृभाषा कोकणी, आणि आम्ही शिकवितो ते मराठी, तेही केवळ पोटासाठी नव्हे.

हे उत्तर आम्हांस पहिल्यापासून ठाऊक होते असे मात्र नव्हे. तीन वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलीने निबंधात लिहिले, 'माझी धाकटी बहीण पाचवीत आहे. ते फार हुशार आहे.' आम्ही त्या 'ते'भोवती तांबडे वर्तुळ काढून समासात 'अशुद्ध' असा शेरा मारला. वही परत घेताना ती हळूच म्हणाली, "बाई, पूण घरा आमी ताका तेंच म्हणटात." वर्ग हसला. आम्हीही हसलो. त्यानंतर कित्येक आठवडे त्या मुलीने वर्गात आपण होऊन तोंड उघडले नाही.

वस्तुतः तिची चूक अज्ञानाची नव्हती. कोकणीत लहान वा तरुण मुलीचा उल्लेख नपुंसकलिंगी 'तें'ने होतो. तो त्या भाषेचा नियमच आहे. एका भाषेचा नियम ती दुसऱ्या भाषेत प्रामाणिकपणे पाळीत होती. त्याला 'अशुद्ध' म्हणताना आम्ही तिच्या आईच्या बोलण्यालाच तांबडी शाई लावली होती.

पुढे आम्ही फळ्याचे दोन भाग करू लागलो. डावीकडे घरचे वाक्य, उजवीकडे शाळेचे. मग शोध लावले ते मुलांनीच. कोकणीत 'म्हाका दिसता' म्हणजे 'मला वाटते'. म्हणून आमची मुले 'मला दिसते, उद्या पाऊस पडेल' असे बेधडक लिहितात. अशा ठिकाणी मराठीला 'वाटते' हवे, हे पुण्याच्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच त्याचा विचारही त्याच्या मनात कधी येत नाही. आमच्या मुलांना तो भेद मुद्दाम पाहावा लागतो. एकदा पाहिला की व्याकरण हा पाठांतराचा विषय राहत नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचा पहिला लाभ आम्ही हाच मानतो.

दुसरा लाभ संतवाङ्मय शिकविताना दिसला. 'उदक' हा शब्द आजच्या मराठी घरात बहुधा श्राद्धकर्मात किंवा दानाच्या संकल्पात भेटतो. आमची मुले ते रोज तांब्याने पितात. ज्ञानेश्वरीतील 'आइकणे' त्यांना अडत नाही, कारण घरी त्यांना 'आयक' असेच सांगितले जाते. जुन्या मराठीतील 'वोखद' म्हणजे औषध, हे तर आजीच्या 'वखदा'वरून ती आधीच ओळखतात. टिपांशिवाय जुनी ओवी उलगडली तेव्हा शेवटच्या बाकावरील मुलांच्या चेहऱ्यांवर जो तजेला आला, तो पाठ्यपुस्तकातील कोणत्याही धड्याने आणलेला आम्हांस आठवत नाही.

कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादात गोव्याची पुष्कळ शक्ती खर्ची पडली. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली, १९९२ मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. वाद मात्र अजून कोठे कोठे मुलांच्या वह्यांवर लढला जातो, याचे आम्हांस दुःख होते. तोंडची भाषा हुकुमाने बंद करण्याचा प्रयोग या भूमीत एकदा झालेलाच आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोला असे फर्मावले होते. कोकणी आजही घराघरांत बोलली जाते.

आणि दोन्ही भाषा सांभाळणारी माणसे येथे काय कमी झाली? इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यांनीच रचलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० साली तेथेच प्रसिद्ध झाले. मराठीत 'दूधसागर' देणारे बा. भ. बोरकर यांना १९८१ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, तो 'सासाय' या कोकणी काव्यसंग्रहासाठी.

दोन भाषांनी बुद्धीवर भार पडतो, असे पूर्वी मोठमोठे शिक्षणतज्ज्ञ म्हणत. १९६२ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे दहा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. तीत द्विभाषिक मुले मागे न पडता पुढेच निघाली. दोन भाषांनी बुद्धी किती वाढते, यावर पंडितांचे अजून एकमत नाही. त्यांचा निकाल लागेपर्यंत आम्ही थांबणार नाही.

मात्र, विद्यार्थिमित्रांनो, घरात कोकणी आहे म्हणून मराठी आपोआप येईल, असेही समजू नका. भाषा इतक्या जवळच्या असल्या की सगळे समजल्यासारखे वाटते, आणि समजते म्हणून वाचणे राहून जाते. दोन भाषा बोलणारे, पण एकाही भाषेतील पुस्तक नसलेले घर आम्ही पाहिले आहे. तेथे दोष भाषांचा नव्हता. इंग्रजी तर आता दारात उभीच आहे. तिलाही आत घ्यावे, पण आधीच्या दोघींना उठवून नव्हे.

त्या मुलीची धाकटी बहीण यंदा आमच्या आठवीच्या वर्गात आहे. तिच्या निबंधातही 'ती'च्या जागी मधूनच 'ते' येऊन बसते. आम्ही त्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढतो आणि समासात 'को.' एवढेच लिहितो. वही हाती पडताच ती स्वतःच हसते आणि खोडरबर काढते.