वार्ता आणणाऱ्याची जखम

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्यांचा धाकटा मुलगा वृत्तपत्रांसाठीं छायाचित्रें काढतो. परदेशांतील एका युद्धक्षेत्रांत चार महिने राहून तो नुकताच घरीं परतला आहे. "अंगावर ओरखडाहि नाहीं, म्हणून आम्हीं सत्यनारायण केला," असें त्या लिहितात. "पूजेला आलेल्या प्रत्येकानें त्याला एकच विचारलें, 'तिकडे काय काय पाहिलेंस?' तो नुसता हंसला, आणि आंत जाऊन दार लावून बसला. रात्रीं त्याच्या खोलींतला दिवा विझत नाहीं. शेजारीं फटाका वाजला कीं हातांतला पेला खालीं पडतो. मुलगा परत आला असें मी म्हणूं कीं नको?" हा प्रश्न एका आईचा असला, तरी त्याचा संबंध रोज सकाळीं चहाबरोबर युद्धाच्या बातम्या वाचणाऱ्या आपणां सर्वांशींच आहे, म्हणून त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

युद्धाचा वृत्तांत घरीं बसून ऐकण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. धृतराष्ट्रासमोर बसलेला संजय कोणास ठाऊक नाहीं? परंतु व्यासांनीं त्याला दिलेली दिव्यदृष्टि जेवढी आपल्या लक्षांत राहते, तेवढी त्याची पुढची कथा राहत नाहीं. भीष्म पडल्याची वार्ता घेऊन संजय प्रत्यक्ष रणभूमीवरूनच हस्तिनापुरास आला होता. शल्यपर्वांत तर तो सात्यकीच्या हातीं सांपडतो. सात्यकि त्याच्यावर शस्त्र उगारतो, आणि ऐन वेळीं व्यास प्रकट होऊन त्याला सोडवितात. पुढें दुर्योधनाच्या मृत्यूबरोबर त्याची ती दृष्टिहि नाहींशी झाली, असें सौप्तिकपर्व सांगतें. दृष्टि गेली खरी. पण अठरा दिवस जें दिसलें, तेंहि तिच्याबरोबर गेलें असेल काय?

आजच्या संजयाला सोडविण्यास व्यास येत नाहींत. त्यांच्या जागीं कायदा आहे. जिनीव्हा करारांस १९७७ सालीं जोडलेल्या पहिल्या पुरवणींतील ७९ वें कलम असें सांगतें कीं, युद्धक्षेत्रांत काम करणारा पत्रकार हा नागरिकच होय, आणि नागरिकाला मिळणारें संरक्षण त्यालाहि मिळालें पाहिजे. परंतु तोफेला कलमें वाचतां येत नाहींत, आणि ज्यांना येतात ते पुष्कळदा वाचीत नाहींत. मेरी कॉल्व्हिन या अमेरिकन बाईंचा डावा डोळा २००१ सालीं श्रीलंकेंतील युद्धांत गेला. त्या जागीं काळी पट्टी बांधून त्यांनीं आणखी जवळजवळ अकरा वर्षें तेंच काम केलें, आणि २२ फेब्रुवारी २०१२ रोजीं सीरियांतील होम्स शहरावर तोफांचा मारा चालूं असतां त्या मरण पावल्या. आपल्या देशांतील दानिश सिद्दिकी यांचीं छायाचित्रें पुष्कळांनीं पाहिलेलीं असतील. रोहिंग्या निर्वासितांच्या चित्रांबद्दल २०१८ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या रॉयटर्सच्या चमूंत ते होते. १६ जुलै २०२१ रोजीं अफगाणिस्तानांत स्पिन बोल्दक येथें ते मारले गेले.

हीं झालीं दिसणारीं मरणें. आमच्या भगिनीनें विचारलें आहे तें न दिसणाऱ्या जखमेविषयीं. ती समजण्यास दुसऱ्या महायुद्धांतील अर्नी पाइल या अमेरिकन वार्ताहराचें चरित्र फार उपयोगी पडेल. सेनापतींच्या डावपेंचांपेक्षां साध्या शिपायाचा चिखल, त्याची भूक आणि त्याचें घर हे त्याचे विषय. उत्तर आफ्रिका, सिसिली, इटली, नॉर्मंडी असा तो सैन्याबरोबर फिरला. १९४४ सालीं त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत, पॅरिस मुक्त झाल्यावर, आपल्यानें आतां अधिक सोसवत नाहीं असें वाचकांस उघड सांगून तो मायदेशीं परतला. परंतु घरीं तो टिकला नाहीं. पुढच्या वर्षाच्या आरंभीं तो पॅसिफिकमधील युद्धावर निघाला, आणि १८ एप्रिल १९४५ रोजीं ओकिनावाजवळील इए शिमा या बेटावर जपानी मशिनगनच्या गोळीनें ठार झाला. त्याच्या खिशांत एका लेखाचा मसुदा सांपडला. युरोपांतील युद्ध संपेल त्या दिवसासाठीं तो लिहिलेला होता. त्यांत विजयाचा जल्लोष नव्हता. डोळ्यांपुढून न हटणाऱ्या मृतांचें स्मरण होतें.

पाइल हा दुबळ्या मनाचा होता, असें कोणी म्हणेल काय? टोरोंटो येथील मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत १४० युद्धवार्ताहरांची तुलना युद्धावर न गेलेल्या १०७ पत्रकारांशीं केलेली आहे. युद्धवार्ताहरांपैकीं शेंकडा २८.६ जणांस आयुष्यांत केव्हां ना केव्हां आघातानंतरचा मनोविकार जडला होता, शेंकडा २१.४ जणांस तीव्र नैराश्य आलें होतें. आणि शेंकडा १४.३ जणांस मद्यासारख्या पदार्थांचें व्यसन लागलें होतें. या विकारांत घडून गेलेली गोष्ट मनाला आतांच घडत असल्यासारखी वाटते. ती स्वप्नांत येते, आवाजाबरोबर येते. माणसांत बसवत नाहीं, झोंप लागत नाहीं. या अभ्यासांतील एक गोष्ट आम्हांस आंकड्यांहूनहि अधिक लागली. दुखणें अधिक असूनहि उपचार घेणाऱ्यांचें प्रमाण इतर पत्रकारांहून अधिक नव्हतें. जो दुसऱ्याचें दुःख जगाला सांगतो, त्याला स्वतःचें सांगण्याची लाज वाटते!

मग असल्या कामास जावेंच कशाला, असें घरांतील वडील माणसें विचारतील. त्यांनीं १८५४ सालचें क्रिमियाचें युद्ध आठवावें. विल्यम हॉवर्ड रसेल आणि त्याचे सहकारी यांनीं लंडनच्या 'टाइम्स'ला धाडलेल्या पत्रांमुळें, पटकीनें व उपचारांवांचून मरणाऱ्या शिपायांची स्थिति इंग्लंडांत घरोघर कळली, आणि त्या लोकक्षोभांतूनच फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह निघाल्या. हाच रसेल १८५८ सालीं आपल्याकडे लखनौपर्यंत आला होता, आणि आपल्याच देशबांधवांनीं येथें उगविलेल्या सूडावर टीका करण्यास तो कचरला नाहीं. पाहणारा कोणी नसता, तर हें सारें अंधारांतच राहिलें असतें.

तेव्हां या भगिनीस आमचें सांगणें असें. मुलगा परत आला आहे. पण तो सगळा एकदम आलेला नाहीं, हळूहळू येत आहे. त्याला कांहीं विचारूं नका, आणि तो बोलूं लागला तर मध्येंच थांबवूंहि नका. आलेल्यागेलेल्यांपुढें त्याच्या पराक्रमाचें कौतुक मांडूं नका. जेवणाच्या वेळा, देवापुढचा दिवा, संध्याकाळचें फिरणें हा घरचा साधा क्रम त्याच्याभोंवतीं चालूं ठेवा. आणि मनोविकारांच्या चांगल्या डॉक्टरांकडे त्याला नेण्यास विलंब करूं नका. हाड मोडलें असतें तर आपण लोकांची भीड धरली असती काय? हें दुखणें त्याहून कमी खरें नाहीं.

आमच्या इतर वाचकांसहि एक विनंती आहे. धृतराष्ट्राचें आंधळेपण केवळ डोळ्यांचें नव्हतें. माझीं मुलें कोणतीं आणि भावाचीं कोणतीं, हा भेद त्याला ऐकतांनाहि सोडवला नाहीं. आपणहि पुष्कळदा आपल्याला आवडणाऱ्या पक्षाचा जय तेवढा शोधतों आणि पान उलटतों. उद्यां सकाळीं युद्धाची बातमी हातीं येईल, तेव्हां तिच्याखालचें बारीक अक्षरांतलें नांव एकदां वाचावें. तें कोणाच्या तरी मुलाचें किंवा मुलीचें असतें, आणि त्या घरांतहि रात्रीं एक दिवा जळत असतो.